काळा धूर म्हणजे ताकद? एका रबरी पडद्याची गोष्ट

आजची गोष्ट घाटात सुरू होते.

बाईकवर आहात, पुढे भरलेला जुना ट्रक. वळणावर तो मंदावतो, ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो, ॲक्सिलरेटर दाबतो आणि तुमच्या तोंडावर काळा ढग येतो. शिव्या देऊन होतात. पण पुढच्या वेळी शिव्या देताना एक गोष्ट बघा. दोन-तीन सेकंदांनी तो ढग विरळ होतो. चढ तोच आहे, लोड तोच आहे, इंजिन आता उलट जास्त जोर लावतंय, ट्रकचा वेग वाढतोय. आणि धूर कमी!

विचित्र आहे ना? गॅरेजमध्ये तर आपण उलटंच ऐकलेलं असतं. "धूर मारतेय म्हणजे पिकअप आहे गाडीला." मीही बरीच वर्षं हेच खरं मानत होतो.

आजचा एपिसोड त्या दोन-तीन सेकंदांचा इतिहास आहे. ते सेकंद कमी करायला शंभर वर्षं लोक झटतायत, आणि त्यांतल्या काही जणांनी ते मुद्दाम वाढवलेसुद्धा. यासाठी आपल्याला अमेरिकेत जावं लागेल. कारण तिथे डिझेल इंजिनवाला मोठा पिकअप ट्रक सामान्य माणसाच्या दारात उभा असतो, आणि घरामागच्या गॅरेजमध्ये त्याचा पंप उघडणाऱ्यांची एक अख्खी पिढी होऊन गेली. (इथे पिकअप म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी. आपला 'पिकअप' म्हणजे गाडीची उसळी. या एपिसोडमध्ये दोन्ही येणार आहेत, सांभाळून घ्या.)

आधी पाया. पेट्रोलच्या इंजिनात ॲक्सिलरेटर दाबला की आत जाणारी हवा वाढते आणि तिच्या मापाने पेट्रोल मिळतं. डिझेलचा हिशोब वेगळा. जुन्या डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर झडपच नाही. मावेल तेवढी हवा आत येते, पिस्टन ती दाबून तापवतो आणि तुमचा पाय फक्त इंधन किती फवारायचं ते ठरवतो. म्हणजे हवा आहे का नाही, हे न बघताच डिझेल ओतता येतं. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पण ही झाली कागदावरची केमिस्ट्री. प्रत्यक्षात फवारा आत गेल्यावर हवेशी नीट मिसळायला त्याच्याकडे काही हजारांश सेकंदच असतात. फवाऱ्याच्या गाभ्यात इंधन दाट, हवा कमी, तिथे काजळी तयार होतेच. चांगल्या इंजिनातही होते. फरक एवढाच, की पुढे ऑक्सिजन आणि उष्णता मिळाली तर तीच काजळी आतल्या आत जळून जाते. नाही मिळाली तर सायलेन्सरमधून बाहेर, तुमच्या तोंडावर. म्हणून धूर नको असेल तर किलोमागे अठरा-वीस किलो हवा हाताशी लागते.

थोडक्यात, काळा धूर म्हणजे तुम्ही पैसे देऊन घेतलेलं, पण धड न जळलेलं डिझेल.

रुडॉल्फ डिझेलला हवेचं महत्त्व पक्कं माहीत होतं. 1897 मध्ये ऑग्सबर्गला त्याच्या इंजिनाची अधिकृत चाचणी झाली, 26 टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता निघाली. त्या काळातल्या वाफेच्या इंजिनांपुढे हा आकडा अफाट होता. त्या इंजिनात इंधन आत ढकलायचं काम दाबलेली हवाच करायची. फवारा बारीक व्हायचा, पण त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा, मोठा आणि जड. जहाजाला, कारखान्याला चालतं. ट्रकमध्ये कुठे बसवणार? रॉबर्ट बॉशच्या कंपनीने 1927 मध्ये डिझेलचे इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने बनवायला घेतले, तेव्हा डिझेलचा रस्ता खऱ्या अर्थाने मोकळा झाला. टर्बोची कल्पना त्याहून जुनी आहे. बाहेर पडणाऱ्या गरम वायूने पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने इंजिनात जादा हवा कोंबायची. आल्फ्रेड ब्युची या स्विस इंजिनिअरचं याबद्दलचं पेटंट 1905 चं.

आता येतात आजचे मुख्य गडी. क्लेसी कमिन्स. हो, पुण्यात कोथरूडला ज्यांचं नाव पाटीवर वाचलंय तेच कमिन्स. 1919 मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी त्यांनी कंपनी काढली. सुरुवातीची वर्षं धंदा धड चालेना. 1929 च्या नाताळात त्यांनी एका पॅकार्ड लिमोझिनमध्ये स्वतःचं डिझेल इंजिन बसवलं आणि पैसे लावणाऱ्या शेठला फेरफटका मारून आणला. पुढच्याच महिन्यात तीच गाडी इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कला नेली. सुमारे 800 मैल. इंधनाचा खर्च एक डॉलर 38 सेंट! 1931 मध्ये त्यांची गाडी इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत एकदाही पिटमध्ये न थांबता धावली. नंबर तेरावा आला, पण न थांबता ती शर्यत पूर्ण करणारी ती पहिली गाडी होती.

आणि मग 1952. माझ्या मते आजच्या विषयाचं सार या एका शर्यतीत आहे. त्याच इंडियानापोलिसला कमिन्सने 6.6 लिटरचं टर्बो डिझेल इंजिन आडवं झोपवून बसवलेली, बुटकी रेसिंग कार आणली. ड्रायव्हर फ्रेड अगाबाशियन. पात्रता फेरीत सरासरी ताशी 138 मैल! डिझेल गाडी पोल पोझिशनवर, म्हणजे सगळ्या पेट्रोल-मिथेनॉलवाल्यांच्या पुढे. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र 71 फेऱ्यांनंतर गाडी बाहेर. कारण? टर्बोचं हवा ओढायचं तोंड खाली, जमिनीजवळ ठेवलं होतं. ट्रॅकवरचा टायरचा चुरा आणि कचरा त्यात ओढला गेला आणि तोंड तुंबलं. टाकीत डिझेल होतं, पंप चालू होता. हवा संपली होती.

टर्बो आला म्हणजे प्रश्न सुटला असं वाटेल, पण आपले ते घाटातले दोन सेकंद टर्बोनेच आणले. टर्बोला फिरायला गरम वायू लागतो. गरम वायू यायला डिझेल जळावं लागतं. डिझेल जळायला हवा लागते. आणि हवा टर्बो देणार! तुम्ही पाय दाबता त्या क्षणी पंप पूर्ण डिझेल सोडतो, कारण पंपाला फक्त पाय कळतो. टर्बो अजून झोपेतून उठतोय. तो वेगात येईपर्यंत जादा डिझेलला हवाच नाही. ढग.

अमेरिकेत हा ढग कायद्याच्या नजरेत आला. 1970 च्या मॉडेलपासून जड डिझेल इंजिनांना धुराची मर्यादा लागली. 1974 पासूनचे आकडे बघा. वेग घेताना धुराने 20 टक्क्यांहून जास्त प्रकाश अडवायचा नाही, जोर लावून ओढताना 15 टक्क्यांहून जास्त नाही, आणि क्षणिक शिखर 50 टक्क्यांपर्यंत. वेग घेतानाच्या धुराचं वेगळं कलम! सरकारी कागदातसुद्धा त्या दोन सेकंदांना स्वतःची ओळ मिळाली.

यावर कंपन्यांनी जे उत्तर वापरलं ते मला फार आवडतं. पंपाच्या डोक्यावर एक छोटी डबी, आत रबरी पडदा, पडद्याखाली स्प्रिंग. टर्बोनंतरच्या हवेच्या वाटेवरून एक बारीक नळी त्या डबीत येते. हवेचा दाब वाढला की पडदा स्प्रिंगला दाबतो, तेव्हाच पंप जास्त डिझेल सोडतो. दाब नाही तर डिझेल नाही, पाय कितीही दाबा. मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून मला ही डबी म्हणजे पितळ-रबरात लिहिलेली एक अट दिसते. ड्रायव्हरची मागणी आणि हवेची मर्यादा, यांत जो आकडा लहान तो पंपाला द्या. बास.

आता 1989. डॉज कंपनीने आपल्या रॅम पिकअपमध्ये कमिन्सचं 5.9 लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल बसवलं. ताकद 160 हॉर्सपॉवर. आजच्या मानाने काहीच नाही. पण इंजिन मुळात ट्रॅक्टर-ट्रकच्या जातीचं, लोखंडी, दणकट. लोकांना लवकरच कळलं की याच्या अंगात कागदावर लिहिलंय त्याच्या दुप्पट ताकद मावते. फक्त बॉशच्या पंपाचे दोन-तीन स्क्रू फिरवायचे.

इथे जरा आकडेमोड करू, मजा आहे. एक सिलिंडर साधारण एक लिटरचा. टर्बो झोपलेला असताना त्यात अंदाजे एक ग्रॅम हवा येते. वीसाचं प्रमाण धरलं तर 50 मिलिग्रॅम डिझेल स्वच्छ जळेल. मूळ 160 हॉर्सपॉवरला एका फवाऱ्यात साधारण 60 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे कंपनीची सेटिंग टर्बो जागा नसतानाही फार बिघडत नाही. आता 300 हॉर्सपॉवर हवे म्हणून पंप 100 मिलिग्रॅमवर नेला. टर्बोने दीडेक बार जादा दाब दिला आणि इंटरकूलरने ती हवा थंड केली, की सिलिंडरमध्ये दोन ग्रॅम हवा येते. छान, स्वच्छ जळणार. पण दाब येण्याआधी? 100 मिलिग्रॅमला एक ग्रॅम हवा. दहाचं प्रमाण. केमिस्ट्रीलाच साडेचौदा लागतात. म्हणजे त्या क्षणी जवळपास एक तृतीयांश डिझेलला जळायला हवाच नाही.

आणि ते न जळलेलं डिझेल ताकद देत नाही. म्हणून नवशिक्याने पंप नुसता उघडला की गाडी धूर सोडायची आणि तरी जागेवरून सुस्त निघायची. मग तो पंप आणखी उघडायचा!

जाणकार मिस्त्री उलट्या टोकाने सुरुवात करायचे. आधी हवेची वाट तपासायची. फिल्टर, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे रबरी पाइप, त्यांचे क्लॅम्प. एका सैल क्लॅम्पने दाब गळत असेल तर वरचं सगळं ट्यूनिंग फुकट. मग नोझल, कारण थेंब गाळणारं नोझल कुठल्याही सेटिंगला धूर देतं. त्यानंतर डबीतला पडदा. पडद्याची सुई तिरकी, शंकूसारखी कापलेली असते, ती फिरवून ठेवली की दाबाबरोबर डिझेल किती भरभर वाढेल ते बदलतं. स्प्रिंगचा ताण दातेरी चक्राने कमी-जास्त होतो. ताण जास्त ठेवला तर धूर नाही, पण गाडी आळशी. कमी ठेवला तर ढग. या दोन्हींच्या मध्ये एक जागा असते. तिथे निघताना किंचित धुरकट झाक दिसते आणि लगेच निवळते. ती थोडी झाक टर्बोला उठवायला उपयोगी पडते, कारण जास्त डिझेल म्हणजे जास्त गरम वायू. ही जागा शोधायला संध्याकाळच्या संध्याकाळी जायच्या. एक दात फिरवा, रस्त्यावर चक्कर मारा, आरशात बघा, परत या.

त्यापुढची पायरी टर्बोची. बाहेर जाणारा वायू ज्या गोगलगायीच्या आकाराच्या घरातून पंख्यावर जातो, ते घर लहान केलं की वायू जोरात आदळतो आणि टर्बो लवकर उठतो. पिकअपही वाढतो, धूरही कमी होतो, एकाच पार्टने! पण फुकट काही नाही. वरच्या वेगाला तेच अरुंद घर इंजिनाचा श्वास कोंडतं आणि वायूचं तापमान चढतं. सायलेन्सरच्या वाटेवर तापमापक लावून 700 अंश सेल्सिअसच्या पुढे फार वेळ जाऊ द्यायचं नाही, हा नियम लोकांनी पिस्टन वितळवून शिकलेला आहे. म्हणून शर्यतवाले एकामागे एक दोन टर्बो लावायला लागले. लहान लगेच उठतो, मोठा वर साथ देतो. नंतर कमिन्सच्याच 6.7 लिटरच्या इंजिनात, 2007 पासून, हे घर चालत्या गाडीत अरुंद-रुंद होणारा टर्बो कंपनीतूनच आला.

ऑटोमॅटिक गिअरवाल्यांची अजून एक गंमत. त्यांचा टॉर्क कन्व्हर्टर थोडा सैल असेल तर चाकावर पूर्ण भार यायच्या आधी इंजिन चार-पाचशे फेरे वर चढतं, टर्बोला तेवढा वेळ मिळतो. घट्ट कन्व्हर्टर बसवला की वर गाडी छान ओढते आणि निघताना काळं. म्हणजे धुराचं कारण गिअरबॉक्समध्येही असू शकतं.

1994 मध्ये रॅमला बॉशचाच मोठा पंप आला. जास्त दाब, बारीक फवारा, कडक होत चाललेल्या नियमांना धरून. आणि हाच पंप पुढे मॉडिफाय करणाऱ्यांचा लाडका झाला! त्यात डिझेलची मर्यादा एका छोट्या लोखंडी पट्टीच्या कडेच्या आकाराने ठरायची. लोक ती पट्टी काढून कानसीने घासायचे. कोड बदलायला कानस. आहे ना भारी?

2003 मध्ये कॉमन रेल आलं. जपानच्या डेन्सोने 1995 मध्येच ट्रकमध्ये ते आणलं होतं. एका नळीत प्रचंड दाबाने डिझेल तयार ठेवायचं आणि नोझल विजेने उघडायचं. त्याच 5.9 लिटरमधून आता 305 हॉर्सपॉवर, कंपनीतून, वॉरंटीसकट. रबरी पडदा गेला, त्याच्या जागी कॉम्प्युटरमधला एक तक्ता आला. आडवे इंजिनाचे फेरे, उभी आत आलेली हवा, प्रत्येक चौकोनात डिझेलची कमाल मर्यादा. दातेरी चक्राचं काम आता लॅपटॉप करणार.

आणि इथे गोष्टीला वळण लागलं. कानस चालवणाऱ्याला धुराची सीमा हाताने शोधावी लागायची. लॅपटॉपवाल्याने तोच तक्ता विकत घेतला, आणि काहींनी धुराच्या मर्यादेचे चौकोन मुद्दाम उंच भरले. सायकलवाल्यावर, इलेक्ट्रिक गाडीवर ढग सोडायचा आणि व्हिडिओ टाकायचा. याला तिथे 'रोलिंग कोल' म्हणतात. 2015 मध्ये न्यू जर्सी राज्याने त्यावर कायद्याने बंदी घातली. वर केलेला हिशोब आठवा. तो ढग म्हणजे गाडीला न मिळालेली ताकद. ज्याला गाडी पळवायची आहे तो ढग सोडत नाही.

पण मंडळी, खरा तोटा त्या ढगाहून मोठा निघाला. 2007 नंतरच्या गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर होता, वायू परत फिरवणारी यंत्रणा होती. लोकांनी ते सगळं काढून टाकलं आणि कॉम्प्युटरला खोटं सांगितलं. नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने हिशोब मांडला. दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप अशा 'मोकळ्या' केलेल्या. त्यांच्या आयुष्यभरातलं जादा प्रदूषण किती? काजळी 5 हजार टन. नायट्रोजन ऑक्साइड 5 लाख 70 हजार टन.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. काजळी डोळ्याला दिसते. नायट्रोजन ऑक्साइड एक्झॉस्टमधून जाताना सहसा दिसत नाही, वजनात ते शंभरपट निघालं. आणि ट्यूनिंगचा सगळ्यात जुना सापळा इथेच आहे. फवाऱ्याची वेळ थोडी अलीकडे आणली, म्हणजे डिझेल जरा आधी सोडलं, की काजळीला जळायला जास्त वेळ मिळतो. धूर कमी, पिकअप छान, गिऱ्हाईक खूश. पण आतलं तापमान वाढतं आणि त्या तापमानाला हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळून नायट्रोजन ऑक्साइड होतो. वेळ मागे नेली की उलट, हे कमी आणि काजळी जास्त. म्हणजे "माझी गाडी धूर सोडत नाही" म्हणणारा मिस्त्री खोटं बोलत नसतो, पण त्याने अर्धीच परीक्षा दिलेली असते.

हा मोह फक्त गॅरेजवाल्यांना होता असंही नाही. डिसेंबर 2023 मध्ये खुद्द कमिन्सने 167 कोटी 50 लाख डॉलरचा दंड भरायची तयारी दाखवली. आरोप असा, की 2013 ते 2019 च्या सुमारे 6 लाख 30 हजार रॅम पिकअपच्या इंजिनांत प्रदूषणनियंत्रण चुकवणारं सॉफ्टवेअर होतं. कंपनीने चूक मान्य केलेली नाही, कोणी वाईट हेतूने वागल्याचा पुरावा सापडला नाही असं तिचं म्हणणं. पण 1931 मध्ये न थांबता 500 मैल गेलेली कंपनी ती हीच. तो सोनेरी काळ सांगताना हेही सांगायला हवं.

आता घरी येऊ. कमिन्स 1962 मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात आलं, आणि आपल्याकडे जनरेटरपासून डंपरपर्यंत ही इंजिनं घरची झाली. इथे गाडीत परवानगीशिवाय असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, हेही लक्षात असू द्या. पण आपल्या रस्त्यावर त्या दोन सेकंदांची परीक्षा रोज होते. डिझेल गाडीची पीयूसी काढताना बघितलंय? गाडी न्यूट्रलला, सायलेन्सरमध्ये नळी, आणि माणूस ॲक्सिलरेटर झटकन तळाला दाबतो. पुन्हा सोडतो, पुन्हा दाबतो. तो नेमका तोच क्षण पकडतोय, टर्बो उठायच्या आधीचा. म्हणून पाय हळू दाबला तर आकडा सुंदर येतो. भारत स्टेज 4 च्या आधीच्या गाड्यांना 65 हार्ट्रिज युनिटची मर्यादा, 4 ला 50.

त्या यंत्रात एका बाजूला दिवा असतो, दुसऱ्या बाजूला प्रकाश मोजणारा सेन्सर. धुरातून किती उजेड आरपार गेला, तेवढंच ते मोजतं. पुढच्या वेळी पीयूसीचा कागद हातात आला की बघा. डिझेलवाल्यांच्या कागदावर धुराचा आकडा आहे. नायट्रोजन ऑक्साइडचा रकानाच नाही.